दम

दुंडाप्पा बाकावर आधी जुना पेपर पसरतो,
मग मासळी मांडावी तशी दोन्ही यंत्रं ठेवतो.
उद्यमबागेत दुपार. समोरच्या फाउंड्रीत ओतकाम चाललंय,
वाळूचा वास इथल्या चहालाही येतो.

"हे दोन नळ्यांचं," तो सांगतो, "पितळी डबडं मानेमागं.
एकीतनं हवा येते, दुसरीतनं जाते.
नातू ह्याला हत्ती म्हणतो.
हे एका नळीचं. एक पिस्टन, एक स्प्रिंग, दोन ओ-रिंगा.
करणाऱ्यानं आत बिघडायला काही ठेवलंच नाही बघा."

हिडकलच्या गेटांखाली तीस वर्षं उतरलाय तो.
रबराची सीलं चाचपायला, अडकलेले ओंडके सोडवायला.
कधी पोलिसांचं बोलावणं यायचं.
त्याबद्दल तो चहा संपेपर्यंत बोलत नाही,
संपल्यावरही नाही.

कुठलं चांगलं, मी विचारतो.
तो हसतो. असं विचारायचं नसतंय की ओ.

हत्तीचे बुडबुडे मानेमागून वर जातात,
डोळ्यांपुढचं पाणी हलत नाही.
गेट कुठं गळतंय ते कानानं कळतं,
पातेलं आधणाला लागल्यासारखा बारीक आवाज.
पण पालथं पोहताना हवा ओढून घ्यावी लागते,
आणि उताणं झालं की नको नको म्हणताना वाढत सुटतं,
सासुरवाडीच्या पंगतीसारखं.

एका नळीचं कुठंही वळा, सारखंच देतं.
मात्र बडबड्या स्वभावाचं,
बुडबुडे दोन्ही कानांशी सतत गुडगुडतात.
एक गुण मोठा:
टाकी सरत आली की श्वास जड होतो.
"जड झाला की समजायचं, वर चल म्हणतंय.
ऑफिसनं नवा सेट दिलाय, प्लास्टिकचा, हलका.
तो शेवटपर्यंत लोण्यासारखा देतो, म्हणतात.
मला नको असलं गोड बोलणारं."
नवा सेट खोक्यात आहे. त्याचं किट चेन्नईहून यायचंय,
मागच्या दिवाळीपासून यायचंच आहे.

मी लेथ लावतो. हवेच्या भोकाची पितळी कड
एका बाजूनं झिजलेली. केसाच्या निम्म्यानं घासतो,
फुंकर मारतो, नखावर फिरवून बघतो.
मग हत्तीचं झाकण उघडतो, नुसतं पुसायला,
तर आतल्या अंगाला सुईनं ओरखडलेलं
शट्टू, आणि खाली ८९.

शट्टूप्पा काका. ज्यांच्याकडं मी फायलीनं हात सोलून घेतला.
आधी वीस वर्षं समोरच्या फाउंड्रीत, मग ह्या बाकावर.
छातीत वाळू बसलेली, दोन जिने चढले की
कठड्याला धरून उभे.
दुंडाप्पाचं काम झालं की तोंडी लावून तपासायचे,
डोळे मिटून, खुर्चीत मागं रेलून.
मागं रेललं की हत्ती हात राखून देत नाही,
हे मला आज कळतंय.
आम्ही पोरं म्हणायचो, काका, झालं की.
तोंडातनं काढून म्हणायचे, टेस्टिंग चाललंय,
आणि परत लावायचे.

टाकी रिक्षात होती, ती आणली.
जोडली, चावी फिरवली, तेवढ्यात लाईट गेली.
लेथ थांबला, समोरचा ब्लोअर थांबला,
गल्लीभर एकदम कुणीच नसल्यासारखं.
रबर दातांत धरलं. जुन्या ट्यूबची चव.
घेतला. क्लिक. सोडला.
मानेमागं काहीतरी लहानसं फडफडलं.
परत घेतला.

अंधारात दुंडाप्पा बोट धरून मोजत होता,
ओंदु, एरडु, मूरु,
खालच्या माणसाचे वरून मोजतात तसे.
मी थांबलो नाही, त्यानं थांबवलं नाही.

लाईट आल्यावर त्यानं पेपर गुंडाळला,
तेलानं त्यातल्या बातम्या पारदर्शक झालेल्या.
पैसे विचारले. कड घासल्याचे सांगितले.
"आणि टेस्टिंगचे?"
ते काकांनी कधी लावले नव्हते,
वहीत मागं जाऊन बघितलं.